धुरकऱ्याचे उघडे डोके

धानाची मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. लाखनी, साकोली, लाखांदूरकडे लेकी माहेरी येतात, घरे पाहुण्यांनी भरतात, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. हा सण आपला आहे, म्हणूनच त्याच्याविषयी कटू बोलण्याचे कर्तव्यही आपलेच आहे. हलक्याशा छकड्यावरचा धुरकरी कासऱ्याच्या भरवशावर भरधाव जोडी हाकतो. बैल बिथरले किंवा चाक उसळले, तर तो डोक्यावर आपटू शकतो, हे भोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी त्याच्या डोक्याला बहुधा दुपट्ट्याखेरीज काही नसते, आणि त्या उघडेपणालाच आपण हिंमत म्हणतो. पटाहून परतताना लेकराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून, हेल्मेट आरशाला अडकवून महामार्गाला लागणारे बापही आपणच.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा परंपरेच्या नावाने आपण पेटून उठलो. कायदा बदलून घेतला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत बैलाच्या वेदनेवर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. पण ज्याचे डोके आपण पणाला लावतो, त्या माणसासाठी आपल्यापैकी किती जणांनी तोंड उघडले? पडलेला धुरकरी धूळ झटकून उठला की आपण टाळ्या वाजवतो आणि पुढची जोडी सोडतो. कवटी शाबूत असली तरी आत मेंदू हादरलेला असू शकतो, रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. तोवर गर्दी पांगलेली असते, आणि मोठ्या उपचारांसाठी गाठायचे नागपूर भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवर असते. हे आंधळेपण आजोबांकडून आले असेल. ते नातवाच्या हाती देणारे मात्र आपण आहोत.

अमेरिकन फुटबॉलमध्येही मार खाणे हाच पुरुषार्थ मानला जाई. १९०५ मध्ये मैदानावर इतके तरुण दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावे लागले. नियम बदलले, १९४३ मध्ये या खेळाच्या व्यावसायिक लीगने हेल्मेट सक्तीचे केले. खेळ बुडाला नाही. २००२ मध्ये माइक वेबस्टर हा खेळाडू वारला, तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या आघातांच्या खुणा सापडल्या. हेल्मेट कवटी वाचवते, पण मेंदूला बसणारा प्रत्येक हादरा थांबवत नाही, हे त्या समाजाला फार उशिरा मान्य करावे लागले. आपल्याला तेवढा उशीर करण्याचे कारण नाही. हेल्मेटवाचून छकडा सुटू नये. डोक्यावर पडलेला धुरकरी तपासणीवाचून पुन्हा उतरू नये. शेवटची जोडी धावेपर्यंत डॉक्टर आणि रुग्णवाहिका मैदानावरून हलू नयेत. बक्षिसे ठरवणाऱ्या बैठकीतच हे ठरवता येते. ज्या गावाला आपल्या धुरकऱ्याचे डोके जपता येत नाही, त्याने परंपरेचा अभिमान सांगू नये.