कॅमेरा कोणाकडे वळवायचा?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी समारंभाला आलेल्या काही जणांना कॅमेऱ्यासमोर उभे करून अगदी शाळकरी प्रश्न विचारण्यात आले. ऋतू का होतात? चंद्राच्या कला का दिसतात? एकूण २३ जणांना विचारले. त्यांत नवे पदवीधर होते, माजी विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून गरम होते, हे त्यांतले लाडके उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे विदर्भात लोक शेकोटीजवळ बसलेले असतात तेव्हा. ऋतूंचे कारण पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे, अंतरात नाही.

१९८७ सालची ही चित्रफीत 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या नावाने ओळखली जाते. हार्वर्डच्या पदवीधरांची फजिती म्हणून ती गाजली खरी, पण तिचा महत्त्वाचा भाग पुढे आहे. जवळच्याच एका शाळेतील नववीची एक हुशार विद्यार्थिनी तीत दिसते. पृथ्वीची कक्षा तिने स्वतःच्या कल्पनेने चमत्कारिक वळणांची काढलेली असते. वर्गात शिकवून झाल्यावर तिची काही उत्तरे सुधारतात, पण काही जुन्या समजुती नव्या माहितीला चिकटून तशाच राहतात. हे सारे तिच्या डोक्यात होते, याची तिच्या बाईंना कल्पनाच नव्हती.

विज्ञान-शिक्षकाच्या प्रशिक्षणाची खरी अडचण येथे आहे. शिक्षकाला विषय येतो की नाही हा प्रश्न आहेच. पण समोरच्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हे त्याला दिसते का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवताना ते दिसत नाही. 'समजले का?' असे विचारले की 'हो सर' असा एकसुरी गजर होतो आणि तास पुढे सरकतो. चित्रफीत नेमकी तेथे उपयोगी पडते. ती थांबवता येते, मागे नेता येते आणि घाईत निसटलेले एका मुलाचे वाक्य पुन्हा ऐकता येते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, जपान, नेदरलँड्स आणि अमेरिका या पाच देशांत आठवीच्या विज्ञानाच्या ४३९ तासांचे चित्रीकरण करून त्यांचा बारकाईने अभ्यास झाला. अमेरिकी वर्गांत प्रयोग आणि कृती यांची रेलचेल होती. मुले गुंतलेली दिसत. पण केलेली कृती आणि शिकायची संकल्पना यांचा सांधा अनेक तासांत जुळतच नव्हता. जपानी तासांत कल्पना मोजक्याच असत, पण त्या निरीक्षणांच्या आणि पुराव्यांच्या आधारे बांधत नेलेल्या असत. 'कृतियुक्त शिक्षण' हा शब्द परवलीचा झालेल्या आपल्या शिक्षणक्षेत्राने हा निष्कर्ष दोनदा वाचावा असा आहे.

या अभ्यासाचे नेतृत्व करणाऱ्या कॅथलीन रॉथ यांनी पुढे सहकाऱ्यांसह 'स्टेला' हा प्रशिक्षणक्रम उभा केला. त्यात शिक्षक एकमेकांच्या तासांच्या चित्रफिती गटात बसून पाहतात आणि मुलांच्या बोलण्याचा अर्थ लावतात. कोलोरॅडो राज्यात या पद्धतीची रीतसर पडताळणी झाली. प्राथमिक शिक्षकांच्या एका गटाला तितकेच तास विज्ञानाचा आशय सखोल शिकवण्यात आला, दुसऱ्या गटाला आशयाबरोबर तासांचे विश्लेषण करायला लावले. दोन्ही गटांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा दुसऱ्या गटाच्या शिक्षकांची मुले पुढे होती. वेळ तितकाच दिला होता, फरक होता तो त्या वेळात काय केले याचा.

आता आपल्याकडे पाहू. पडद्यावरून शिक्षक-प्रशिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवणारा 'साइट' प्रयोग झाला. त्यातच हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण दिले गेले. तेव्हाही नुसता पडदा नव्हता. जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि शंका सोडवायला माणूस होता.

२०१७ साली 'दीक्षा' हे संकेतस्थळ सुरू झाले. २०१९ साली ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून 'निष्ठा' प्रशिक्षण आले आणि २०२० साली करोनाच्या काळात ते ऑनलाइन झाले. त्याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे असे प्रशिक्षण झिरपत येई आणि मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या गुरुजींपर्यंत पोचेतो त्यातला रस संपलेला असे. आता मूळ तज्ज्ञच त्यांच्या मोबाईलवर येतो.

पण येतो तो व्याख्यान द्यायला! कॅमेरा तज्ज्ञाकडे वळलेला आहे. गुरुजींनी ऐकायचे, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. चित्रफीत चालू ठेवून मोबाईल बाजूला ठेवण्याची युक्ती शिक्षकांच्या खोलीत कोणाला ठाऊक नाही? त्याबद्दल त्यांना दोष तरी कसा द्यावा? जी यंत्रणा केवळ पूर्ण झालेले तास मोजते, तिला तासच मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. ते ५० तास कशाने भरायचे, हे आत्ताच ठरवले नाही तर प्रमाणपत्रांचे ढीग तेवढे वाढतील.

पर्याय खर्चिक नाही. पाच-सात मिनिटांचा तुकडा पुरेसा आहे. सहावी-सातवीच्या वर्गात मुले सेल आणि बल्ब जोडत आहेत, असे समजा. एक मुलगी म्हणते, 'बल्बने वीज खाल्ली, म्हणून पलीकडे कमी गेली.' येथे चित्रफीत थांबवायची. ती काय समजून बोलते आहे? तिला लगेच चूक म्हणायचे की बल्बच्या दोन्ही बाजूंना प्रवाह मोजायला सांगायचे? यावर दहा शिक्षक अर्धा तास बोलले, तर ते त्या दिवशी विद्युतप्रवाहही शिकतील आणि मूलही.

यासाठी जागा आहे. केंद्रशाळेच्या पातळीवर शिक्षण परिषदा भरतातच. त्यांतला वेळ परिपत्रकांच्या वाचनातून सोडवायला हवा. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ साली सरकारने तो बंद करेपर्यंत चालला. त्याचे बळ शिक्षकांच्या मासिक बैठकांत होते. वर्गात काय फसले हे तेथे मोकळेपणाने सांगता येत असे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलांच्या वैज्ञानिक समजुतींवर तेथे वर्षानुवर्षे अभ्यास झाला आहे. चर्चा चालवणारी माणसे घडवायला त्याची मदत घेता येईल.

मात्र एक अट पाळावी लागेल. वर्गातला कॅमेरा म्हणजे तपासणी, असे एकदा शिक्षकांच्या मनात बसले की सारे संपले. मग मुलांकडून पाठ करून घेतलेले 'आदर्श पाठ' तेवढे चित्रित होतील. फसलेला तास कोणी दाखवणार नाही, आणि शिकण्यासारखे तर त्यातच असते. म्हणून चित्रफीत शिक्षकाच्या मालकीची असावी. ती अधिकाऱ्याच्या टेबलावर किंवा गोपनीय अहवालात जाता कामा नये. मुलांच्या पालकांची संमती घ्यावी आणि फीत समाजमाध्यमांवर फिरू देऊ नये.

तंत्रज्ञान आले आहे, ते परत जाणार नाही. प्रश्न इतकाच की ते गुरुजींना श्रोता समजते की निरीक्षक. विज्ञान शिकवणाऱ्याला आपण 'आधी नीट पाहा, मग बोला' असे मुलांना सांगायला लावतो. त्याच्या प्रशिक्षणात मात्र त्याला पाहण्यासारखे काही देत नाही. कॅमेरा तज्ज्ञाकडून मुलाकडे वळवला, तर सुरुवात तेथून होईल.