कल म्हणे!

"मुलींचा कलच तिकडे असतो हो," असं कुणी म्हणालं की मला हल्ली वाद घालावासा वाटतो. कुठला कल? कॉम्प्युटरचंच घ्या. अमेरिकेत 1984 च्या सुमारास या विषयाच्या पदवीधरांत 37 टक्के मुली होत्या. पुढे ते प्रमाण घसरत घसरत 20 टक्क्यांच्या आसपास आलं. आणि आपल्याकडे? बीएस्सी कॉम्प्युटरच्या वर्गात डोकावून बघा, मुलींचे बाक भरलेले दिसतील. विषय तोच, गणितं तीच. मग कल काय देश बघून बदलतो?

मला वाटतं, मुलीसाठी आपण विषय बघतच नाही, जागा बघतो. कॉम्प्युटर म्हणजे छताखालचं, खुर्चीवरचं, रात्र झाली तर कंपनीची गाडी दारात सोडेल असं काम. सिव्हिल म्हणजे साइट, ऊन, मुकादम, परगाव. माझ्या भाचीला सिव्हिलच हवं होतं (घाटात पूल दिसला की गाडी थांबवायला लावणारी पोर ती!). घरात कुणीही "नाही" म्हटलं नाही. तिच्या आजीने फक्त विचारलं, "साइटवर बायकांसाठी संडास असतो का गं?" प्रश्न चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत. आता ती आयटीला आहे, मार्कही छान पडतात, आणि सगळे नातेवाईक सांगतात की तिला पहिल्यापासून कॉम्प्युटरचीच आवड!

पैशांची अडचण असतेच, नाही कशाला म्हणू? 2024-25 पासून महाराष्ट्रात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फार चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून गावाकडे जाणारी शेवटची एसटी काही उशिरा सुटत नाही.

गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. येण्याजाण्याचा रस्ता जरा निर्धास्त असावा म्हणून मुली हाताशी असलेलं चांगलं कॉलेज सोडून डावं कॉलेज पत्करतात, असं त्यात दिसलं. मार्क असून! प्रवेशाच्या याद्यांमध्ये ही गोष्ट दिसत नाही. तिथे फक्त 'पसंती क्रमांक' एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून हल्ली बारावीतली मुलगी भेटली की मी "तुला काय आवडतं?" असं विचारत नाही. "घरी यायची काळजी नसती तर काय घेतलं असतंस?" असं विचारते. मुलगे याला लगेच उत्तर देतात, मुली जरा वेळ घेतात. तुमच्याही घरात विचारून बघा.