ऐतिहासिक अन्याय मान्य केलात, आता तो दूर करा

प्रति,
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर व गडचिरोली

विषय : इंग्रजी अमलातील वनव्यवस्थेचा उरलेला जाच संपवून जंगलाचा कारभार ग्रामसभांकडे सोपविण्याबाबत.

महोदय,

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) जंगल इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांच्याशी लढलेल्या मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे 1865, 1878 आणि 1927 चे वन कायदे आले. सरकारला सागवान हवे होते. त्यासाठी जंगल राखीव झाले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे गोंड, माडिया, कोलाम आपल्याच जंगलात चोर ठरले.

आफ्रिकेतही युरोपीय सत्तांनी हेच केले आणि तिथेही साहेब गेला, कायदा राहिला. केनियातील माउ जंगलातल्या ओगिएक लोकांना स्वतंत्र देशाच्या सरकारनेही हुसकावले. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने 2017 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2022 मध्ये भरपाईसह जमिनीची सामूहिक मालकी देण्याचा आदेश काढला.

आपल्या संसदेने 2006 च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच 'ऐतिहासिक अन्याय' मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा होता, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे! 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. कायद्याने दिलेला हक्क बजावायला दिल्लीहून मंत्री यावा लागत असेल, तर 1927 चा अंमल संपला असे कसे म्हणावे?

म्हणून आमच्या मागण्या :

1. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, अनुसूचित क्षेत्रातील हक्कधारकांवर गौण वनोपजासाठी 1927 च्या कायद्यातील जप्ती व अटकेची कलमे लागू होणार नाहीत, अशी अधिसूचना काढावी.

2. 2012 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने दिलेला वाहतूक परवाना पुरेसा मानावा. नाक्यावर वनखात्याची दुसरी सही मागू नये.

3. प्रलंबित सामूहिक दावे मुदत ठरवून निकाली काढावेत. दावा नाकारल्यास कारण लेखी द्यावे. मंजूर हद्दीची नोंद अधिकार अभिलेखात घ्यावी.

4. माडिया गोंड आणि कोलाम या आदिम जमातींना कलम 3(1)(ङ) नुसार अधिवासाचे हक्क द्यावेत.

5. एटापल्ली तालुक्यात ज्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची जत्रा भरते, तिथेच लोहखनिजाची खाण आहे. खाण असो, वनविकास महामंडळाची कूपतोड असो की ताडोबा व्याघ्र प्रकल्पातील गावांचे पुनर्वसन, ग्रामसभेच्या मोकळ्या व लेखी संमतीशिवाय काहीही करू नये.

6. मे महिन्याच्या उन्हात बाया पहाटेपासून तेंदूची पाने तोडतात, घरी 70-70 पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून देतात. एवढ्या कष्टाचा भाव ठेकेदाराने ठरवू नये. ग्रामसभांना हंगामाआधी फिरते भांडवल आणि गोदाम द्यावे.

7. बुरूड कारागिरांना हिरवा बांबू वेळेवर व रास्त दराने मिळावा.

यातली जवळपास प्रत्येक मागणी आजच्या कायद्यात बसते. अडते ते अंमलबजावणीत. आपण ग्रामसभांच्या प्रतिनिधींना बैठकीस बोलवावे आणि प्रत्येक मागणीवर मुदतीसह लेखी उत्तर द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनहक्कधारक ग्रामसभांचे प्रतिनिधी