आधीं माप, मग कापणी

विहिरीवरचें इंजिन धूर ओकूं लागलें व तेल पिऊं लागलें, कीं सल्ला एकच ऐकूं येतो: "नव्या रिंगा घाला, म्हणजे झालें!" आमच्या मतें हा सल्ला घाईचा आहे. पिकाला पाणी हवें असतां पैसा खर्चून जोडलेलें इंजिन पुन्हां उघडावें लागलें, तर शेतकऱ्याचें नुकसान दुहेरी होतें.

याचें कारण असें कीं, सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथून परत फिरते तेथें उष्णता फार व तेल थोडें; म्हणून झीज तेथें सर्वांत अधिक. शिवाय पिस्टन बाजूस रेटला जात असल्यामुळें भोंक लंबगोल होतें. अशा भोंकांत नवी गोल रिंग सर्व बाजूंनीं टेकणार कशी? यास्तव वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं परस्परांशीं काटकोनांत दोनदां, अशीं सहा मापें घेऊन वहींत लिहावीं. झीज कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेबाहेर असेल, तरच सिलिंडर बोअर करावा किंवा लायनर बदलावा. कापलेला धातु परत येत नाहीं.

हाच नियम इतर कामांसही लागू आहे. रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. फट फार कमी असल्यास तापल्यावर टोकें भिडतात, रिंग मोडते व सिलिंडर ओरबाडला जातो. बेअरिंगच्या कॅपांवर खुणा करून प्रत्येक कॅप आपापल्या जागीं बसवावी. होनिंगनंतर सिलिंडर साबणानें व गरम पाण्यानें धुवावा. नुसत्या रॉकेलनें दगडाचे बारीक कण पुरते निघत नाहींत. मग तेल लावलेलें पांढरें फडकें आंतून फिरवावें, व तें स्वच्छ निघेपर्यंत थांबूं नये.

हें सर्व क्षुल्लक वाटेल. परंतु जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाचें पेटंट १७६९ सालीं मिळालें, तरी त्याचें मोठें इंजिन कित्येक वर्षें नीट चालेना. कारण खरा गोल सिलिंडर कोणास करतां येत नव्हता. जॉन विल्किन्सन यानें तोफा कोरण्याचें नवें यंत्र १७७४ सालीं काढलें, व पुढील वर्षीं तशाच अचूकपणें कोरलेला सिलिंडर वॅटच्या इंजिनास मिळाला. कल्पना तयार होती. अडलें होतें तें मापापाशीं.

विद्यार्थिमित्रहो, "अजून मोजलें नाहीं, म्हणून सांगतां येत नाहीं," असें म्हणण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. चांगल्या कारागिराची ओळख तीच. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा अथवा मुलगी हात काळे करून घरीं आल्यास रागावूं नये. वहींत मापें लिहिलीं आहेत कां, एवढेंच विचारावें.