परसातली आजारी कोंबडी आणि पंचनाम्याबाहेरचे नुकसान

दोंडाईचा - परसातील आठ-दहा कोंबड्यांपैकी एखादी खाणे सोडते आणि पिसे फुलवून कोपऱ्यात बसते. अशा वेळी घरच्या बाईपुढे तीन मार्ग असतात. घरगुती उपचार करणे, मरण्याआधी कोंबडी कापणे किंवा विकणे, अथवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविणे. यातील तिसरा मार्ग सर्वांत सुरक्षित असला, तरी तोच सर्वांत कमी फायद्याचा ठरतो. बर्ड फ्लूचा फटका एकदा नव्हे, दोनदा सोसलेल्या खानदेशात ही विसंगती गंभीर म्हणावी लागेल.

दोंडाईचा ज्या सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावरील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक निश्चित झाला. तेव्हा चर्चा झाली ती मोठ्या पोल्ट्री फार्मची. मात्र पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील हातेड, मारूळ, सावदा आदी गावांत परसातील कोंबड्यांमध्येही हा विषाणू आढळला. २०२१ मध्ये नवापुरात रोगाने पुन्हा डोके वर काढले. खुराडे लहान असले, तरी रोगाच्या साखळीतून ते सुटत नाही, हाच याचा अर्थ.

लस आहे, पण शंभरांची

अर्थात प्रत्येक आजारी कोंबडीला बर्ड फ्लू झालेला नसतो. गावरान कोंबड्यांचा जुना शत्रू म्हणजे राणीखेत, अर्थात मानमोडी. हिरवट-पांढरी हगवण, धाप, पंख लुळे पडणे आणि मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे. हा रोग विषाणूजन्य असल्याने त्यावर औषध नाही. उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यातून दिल्याने विषाणू मरत नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस देणे, हाच खरा उपाय. परंतु लशीची कुपी शंभर वा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? गल्लीतील दहा घरांनी एकाच दिवशी लसीकरण केले, तरच हे गणित जमते.

नव्वद रुपयांचा हिशेब

संसर्गजन्य पशुरोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार बर्ड फ्लू व राणीखेतची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. ही माहिती ग्रामपंचायतीकडेही देता येते. बर्ड फ्लू निश्चित झाल्यास एक किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट केले जातात. २०२१ च्या उद्रेकात आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीसाठी राज्यात नव्वद रुपयांची भरपाई ठरली होती. गावरान कोंबडीचा बाजारभाव त्याहून कितीतरी अधिक असतो. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेलेल्या कोंबड्या हिशेबात धरल्या जात नाहीत. त्यामुळे कळविणाऱ्याचे नुकसान आणि शेजाऱ्यांचा रोष, दोन्ही ठरलेले.

लपविण्याची किंमत मात्र मोठी असते. मांस नीट शिजविल्यास विषाणू मरतो. धोका असतो तो आजारी पक्षी घरी कापताना, सोलताना. २०२१ मध्येच बर्ड फ्लूने देशातील पहिला मानवी बळी घेतला. तो हरियाणातील एक लहान मुलगा होता.

म्हणून आजारी कोंबडी तत्काळ वेगळी ठेवावी, तिचे पाणी व भांडे निराळे करावे, निरोगी कोंबड्यांचे काम आधी आणि तिचे नंतर करावे, हात साबणाने धुवावेत. तुरा निळसर पडला, डोके सुजले किंवा एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या, तर कापाकापी न करता १९६२ या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नये.

ही शिस्त घरातील बाई पाळू शकते. परंतु तिने दवाखान्याची पायरी चढावी असे वाटत असेल, तर गावोगाव ठरावीक दिवशी लसीकरण आणि बाजारभावाशी नाते सांगणारी भरपाई, या दोन गोष्टी शासनाने द्यायला हव्यात. पुढच्या उद्रेकाची पहिली खबर एखाद्या परसातूनही येऊ शकते. ती देणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटणार असेल, तर ती वेळेवर येणार नाही.