विश्लेषण : जुन्या कार्टूनचे चित्र खुले झाले, आवाजाचे काय?

अमेरिकेत दरवर्षी १ जानेवारीला, ९५ वर्षे पूर्ण झालेल्या चित्रपटांवरील स्वामित्वहक्क संपतो. २०२४ मध्ये मिकी माउसचा ‘स्टीमबोट विली’, २०२५ मध्ये ‘द स्केलेटन डान्स’ आणि २०२६ मध्ये बेटी बूपचा पहिला लघुपट ‘डिझी डिशेस’ असे सर्वांसाठी खुले झाले. जुन्या कार्टूनचा आवाज बंद करून त्यावर स्वतःची ध्वनिरचना करणे, हा साउंड डिझाइन शिकणाऱ्यांचा नेहमीचा सराव. आता हे काम उघडपणे प्रसिद्धही करता येते. मात्र चित्र मोफत झाले म्हणजे प्रत्येक आवाज मोफत झाला, असे नाही.

‘स्टीमबोट विली’चा आवाज एवढा महत्त्वाचा का?

हा लघुपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये झळकला. आवाज असलेले हे पहिले कार्टून, असे सर्रास म्हटले जाते; ते खरे नाही. फ्लायशर बंधूंनी १९२४ पासूनच ध्वनीसह गाण्यांची कार्टून काढली होती. ‘विली’चे वेगळेपण होते ते चित्र आणि आवाज यांच्या अचूक मेळात. बोकडाची शेपटी फिरवताच त्याच्या तोंडून गाणे वाजते, गायीचे दात झायलोफोनसारखे वाजतात. म्हणजे येथे आवाज हाच विनोद आहे.

हा मेळ गणिताने साधला. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. दर १२ चौकटींना एक ठोका ठेवला, तर मिनिटाला १२० ठोके होतात. विल्फ्रेड जॅक्सन या तरुण अॅनिमेटरने मेट्रोनोम वापरून हा हिशेब बसवण्यास मदत केली. तरीही न्यूयॉर्कमधील पहिले ध्वनिमुद्रण फसले. वादक आणि चित्र जुळेनात. मग वाद्यवृंदाच्या संचालकाला ताल दिसावा म्हणून फिल्मवरच खूण उमटवली गेली आणि दुसऱ्या खेपेस काम जमले. हालचालीगणिक संगीत वाजवण्याच्या या पद्धतीला पुढे ‘मिकी माउसिंग’ असेच नाव पडले.

एकाच कार्टूनला दोन आवृत्त्या कशा?

मिकीचा ‘प्लेन क्रेझी’ हा लघुपट आधी मूकपट म्हणून तयार झाला. मे १९२८ मध्ये तो चाचणीसाठी दाखवला गेला, पण वितरक मिळाला नाही. ‘विली’ गाजल्यावर त्याला आवाज जोडला आणि १९२९ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यामुळे मूक आवृत्ती २०२४ मध्ये खुली झाली असे मानले जाते, तर ध्वनीसह आवृत्तीसाठी २०२५ उजाडावे लागले. थोडक्यात, तयार कार्टूनवर नंतर आवाज चढवण्याचा प्रयोग खुद्द डिस्नेनेच सुरुवातीला केला होता.

नवी ध्वनिरचना करतात कशी?

प्रथम चित्र आवाजाविना अनेकदा पाहून कोणत्या क्षणी काय ऐकू यायला हवे, याची वेळेनुसार यादी होते. मग थर रचले जातात. वारा, पाणी, इंजिनाची घरघर असे परिसराचे आवाज हा पहिला थर. पावले, कपड्यांची सळसळ, वस्तूंची हाताळणी हा दुसरा. पडद्याकडे पाहत हे आवाज स्टुडिओत प्रत्यक्ष काढतात, त्याला ‘फोली’ म्हणतात. नारळाच्या करवंट्यांतून काढलेल्या घोड्याच्या टापा हे त्याचे ओळखीचे उदाहरण. त्यानंतर धडक, उडी, स्फोट यांसारखे ठळक आवाज, मग पात्रांचे बोल आणि शेवटी संगीत. हे सगळे तोलून एकत्र करणे म्हणजे मिक्सिंग.

कार्टूनमधील अडचण वेगळीच असते. खऱ्या चित्रपटात दार वाजते तसे वाजवायचे असते. कार्टूनमध्ये ताणल्या गेलेल्या मानेचा आवाज कसा, हे ठरवावे लागते. ‘स्केलेटन डान्स’मध्ये एक सांगाडा दुसऱ्याची हाडे झायलोफोनसारखी वाजवतो. तेथील हालचाली मूळ संगीताच्या तालावरच रेखाटलेल्या आहेत. त्यावर वेगळ्या लयीचे संगीत ठेवले, तर चित्र अडखळल्यासारखे वाटते. शिवाय मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खर्जातले आवाज जवळपास ऐकूच येत नाहीत. त्यामुळे इंजिनाची घरघर तेथे पोहोचवायची, तर तिच्यात वरच्या पट्टीतला खडखडाटही मिसळावा लागतो.

कायद्याची मेख कुठे आहे?

अमेरिकी कायद्यात चित्रपटासोबतचा ध्वनी हा चित्रपटाचाच भाग मानला जातो. म्हणून ‘विली’चा मूळ आवाजही खुला आहे. पण स्वतंत्र तबकडीवर निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा आहे. १९२३ ते १९४६ दरम्यानच्या तबकड्यांना तेथे १०० वर्षांचे संरक्षण मिळते. त्यामुळे १९२९ चे कार्टून आज खुले असले, तरी त्याच वर्षीच्या तबकडीवरील गाणे २०२९ अखेरपर्यंत परवानगीविना वापरता येणार नाही. एखादी लोकधून मोकळी असली, तरी कोणी अलीकडे वाजवलेली तिची ध्वनिफीत मोकळी नसते. शिवाय मिकीचे नाव आणि रूप यांवर डिस्नेचा ट्रेडमार्क कायम आहे. आपली कलाकृती डिस्नेचीच आहे, असा समज करून देता येत नाही.

व्यवहारात अडचण येते का?

येते. जानेवारी २०२४ मध्येच एका अमेरिकी व्हॉइस आर्टिस्टने ‘विली’ला स्वतःचे विनोदी आवाज देऊन यूट्यूबवर टाकले. त्यावर डिस्नेच्या नावे स्वामित्वहक्काचा दावा लागला. त्याने हरकत घेतल्यावर दावा मागे घेण्यात आला. अशा वेळी आपला प्रत्येक आवाज कोठून आला, याची नोंद असलेला कलावंत हरकत ठामपणे घेऊ शकतो. इंटरनेटवरून मिळेल तो आवाज उचलणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

भारतात काय स्थिती?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार चित्रपटाला आणि ध्वनिमुद्रणाला प्रदर्शनापुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण आहे. संगीत, शब्द आणि रेखाचित्रे यांचा काळ साधारणपणे निर्मात्या कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा मोजतात. म्हणजे एकाच लघुपटातील चित्रपट आणि संगीत वेगवेगळ्या वर्षी खुले होऊ शकतात. दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचलेला ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि त्याला वसंत देसाई यांचे संगीत होते. चित्रपट म्हणून त्याची ६० वर्षे २०३४ अखेर पूर्ण होतील. देसाई यांचे निधन १९७५ मधले. त्यामुळे त्यांच्या संगीताचा प्रश्न वेगळा तपासावा लागेल. तोवर पुण्या-मुंबईतील विद्यार्थ्याने हा लघुपट वर्गातील सरावाला घेणे आणि नव्या आवाजासह जगासमोर ठेवणे, यांतला फरक ओळखायला हवा.

नवा आवाज मूळ कृतीला मारक ठरतो का?

तो कसा सादर होतो, यावर ते अवलंबून आहे. खरखर कमी करून जुना आवाज स्वच्छ करणे म्हणजे जतन. तो पुसून नवा लिहिणे म्हणजे नवनिर्मिती. मूळ आवाजातील खरखर, मर्यादित पट्टी आणि एकाच वाहिनीतून येणारा नाद हे १९२८ च्या तंत्राचे पुरावे आहेत. नव्या आवृत्तीवर तसा स्पष्ट उल्लेख नसेल, तर मोबाइलवर प्रथमच ‘विली’ पाहणाऱ्या मुलाला आधीचे जग असेच ऐकू येत होते असे वाटेल. म्हणून ध्वनिरचनाकाराने आपले नाव आणि वर्ष चित्रावरच लिहावे आणि मूळ आवृत्ती कोठे पाहता येईल, हेही सांगावे. कायदा हे करायला लावत नाही. पण जुन्या कलावंतांचे श्रेय आणि नव्याची मेहनत, दोन्ही त्यामुळे वेगवेगळी ओळखता येतात.