नशेतील वाहनचालक आणि वैद्याचा केसपेपर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महामार्गालगतच्या आमच्या दवाखान्यात रात्री एका मोटारचालकास आणण्यात आले. त्याच्या गाडीखाली सापडून एक सायकलस्वार शेतकरी जागीच गतप्राण झाला होता. चालकाच्या कपाळावर आम्ही तीन टाके घातले. त्याचे डोळे लाल होते, बोलणे असंबद्ध होते, श्वासास मद्याचा गंध नव्हता. हे सारे आम्ही पाहिले. केसपेपरवर मात्र ‘कपाळास जखम, तीन टाके’ एवढेच लिहिले. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘सायकल अचानक आडवी आली’ असे चालकाने सांगितले. प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हते. मृताची विधवा आमच्याकडे आली, तेव्हा आमच्या कागदात तिच्या उपयोगाचे एक अक्षरही नव्हते. ही चूक आमचीच; म्हणून हा लेखप्रपंच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मद्यासाठी निश्चित मर्यादा आहे : १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. अमली द्रव्यांसाठी असा आकडा नाही. चालक वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास असमर्थ होता, हे तेथे दाखवावे लागते. श्वासावरून मद्य मोजणारे यंत्र गांजा वा अफूबाबत काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेचा अहवालही एकटा पुरेसा ठरत नाही. गांजातील मादक अंश रक्तातून काही तासांत झपाट्याने उतरतो. मूत्रात मात्र त्याचे अवशेष कित्येक दिवस, नित्य सेवन करणाऱ्यांत कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे मूत्राचा अहवाल ‘सेवन केले होते’ एवढेच सांगतो, ‘अपघातसमयी नशा होती’ असे नव्हे. आणि उशिरा घेतलेले रक्त नशेतील चालकासही निर्दोष भासवू शकते.

शिवाय नशा सिद्ध झाली म्हणजे दोष सिद्ध झाला, असेही नाही. अपघात त्या नशेमुळे घडला हा दुवा वेगळा जोडावा लागतो. ब्रेकच्या खुणा, वाहनाची दिशा, वेग आणि चालकाची तत्कालीन अवस्था यांची एकत्र साखळी लागते. फौजदारी खटल्यात ती वाजवी संशयापलीकडे, तर दाव्यात अधिक संभाव्य काय एवढ्या कसोटीवर तपासली जाते. मुंबईतील कार्टर रोडवर २००६ साली मोटारीखाली सात मजूर मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात रक्तातील मद्याचा अहवाल आणि इतर पुरावा एकत्र उभा राहिला व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चालकाची शिक्षा कायम केली. याउलट पुण्यात मे २०२४ मधील अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. नमुन्यावरील विश्वास डळमळला की पहिल्या तासातील लेखी निरीक्षणांचे मोल आणखीच वाढते.

‘हे पोलिसांचे काम, वैद्याने कोर्टाच्या फेऱ्यांत का पडावे?’ असे काही वैद्यबंधू म्हणतील. आरोपीची कायदेशीर तपासणी करण्याचा अधिकार आम्ही मागत नाही. तो कायद्याने इतरांकडे दिला आहे. परंतु खेडोपाडी जखमी माणूस प्रथम आपल्यापुढेच येतो. तेव्हा येण्याची नेमकी वेळ, शुद्धी, बोलणे, चाल, नाडी, श्वासाची गती, बाहुल्यांचा आकार आणि तोंडाचा गंध ही नोंद करण्यास पाच मिनिटे पुरतात. अफूने बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या होतात व श्वास मंदावतो. धोत्र्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, रुग्ण बरळतो. मात्र डोक्याच्या इजेनेही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून ‘नशेत होता’ असा निवाडा लिहू नये. जे दिसले तेवढेच लिहावे. निर्दोष चालकाचे रक्षणही त्यातच आहे.

आपले घरही तपासले पाहिजे. भांग, अहिफेन, धत्तूर ही आपल्या औषधशास्त्रातील द्रव्ये आहेत आणि औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये विषारी द्रव्ये म्हणून त्यांची नोंद आहे. जातिफलादि चूर्णासारख्या भांगयुक्त कल्पाने रुग्णास तंद्री येऊ शकते. तो देताना ‘वाहन चालवू नये’ हे चिठ्ठीवर लिहिणे आपले कर्तव्य होय. आसवारिष्टांविषयी मात्र भय नको. दहा टक्के मद्यांशाच्या ३० मि.लि. मात्रेत सुमारे अडीच ग्रॅम मद्य असते. प्रौढाच्या रक्तात त्याने १०० मि.लि.मागे सुमारे ५-६ मि.ग्रॅ. इतकीच पातळी येते. ‘अरिष्ट घेतले होते’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

मद व मदात्यय यांचे सूक्ष्म वर्णन करणाऱ्या चरकाचा वारसा आपण सांगतो. तो वारसा केसपेपरवरही उतरला पाहिजे. अपघातग्रस्तांसाठी एकपानी नोंदपत्रक छापून संघटनेने ते प्रत्येक सदस्याकडे पोहोचवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्या विधवेला आम्ही रिकाम्या हाताने परत पाठविले. दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये. इत्यलम्.